अमुक यांच्या मातोश्री

माझ्या मुलीच्या वर्गातल्या एका इंग्रज मुलीने जुन्या जनगणनेच्या कागदांतून स्वतःच्या पणजीचं नाव, घर, कामधंदा सगळं घरबसल्या काढलं. म्हणून सुटीचा अख्खा शुक्रवार कुवेतमधल्या हवल्लीच्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्हीही शोधत बसलो. आपल्याकडे जनगणनेतले घरोघरचे कागद कुणाला दाखवत नाहीत. नुसत्या बेरजा मिळतात. राहिली वर्तमानपत्रं. सांगलीच्या चुलतभावाने वाचनालयात जुने अंक चाळून एक फोटो पाठवला होता. माझ्या पणजीच्या निधनाची बातमी.

तीत माझ्या आजोबांचं नाव तीनदा होतं. ते प्रसिद्ध व्यापारी, त्यांच्या मातोश्री वृद्धापकाळाने वारल्या. मुलांची नावं, जावयांची नावं, एका जावयाचा हुद्दासुद्धा. तिचं नाव कुठेच नाही.

मी थोरल्या काकांना फोन लावला.

“काका, पणजीचं नाव काय होतं?”

“आम्ही बाई म्हणायचो.”

“ते काय नाव झालं?”

“मग आता आधार कार्ड काढतोस का तिचं? कुवेतात काम नाही वाटतं तुला!” काका हसले. “अरे, लग्नात नाव बदललं, मग सगळ्यांची बाई झाली. कोण ध्यानात ठेवतंय?”

“तुमची सख्खी आजी होती ती! जेवायला वाढत होती तोवर बाई, आणि मेल्यावर नुसती मातोश्री? लाज वाटत नाही?”

काकांशी मी असं कधीच बोललो नव्हतो. त्यांनी फोन ठेवला.

मुलगी शेजारी बसून सगळं ऐकत होती. मग म्हणाली, “बाबा, आजीची न्यूज दाखव ना.”

आई गेल्या वर्षी गेली. तिची बातमी मीच लिहिली होती, इथे ऑफिसात बसून, विमानाच्या तिकिटाची वाट बघत. फोनमध्ये ती अजून होती. कुवेतमधील बँकेचे वरिष्ठ अधिकारी अमुक यांच्या मातोश्री. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. सगळा तालुका तिचा आवाज ओळखायचा. त्याबद्दल मी एक शब्द लिहिला नव्हता. माझा हुद्दा मात्र पूर्ण लिहिला होता.

“आणि बिफोर मॅरेज आजीचं नाव काय होतं?”

मला माहीत नव्हतं. ज्या तोंडाने काकांची लाज काढली, त्याच तोंडाने मला तिला हे सांगावं लागलं.

मामाला फोन केला.

“वर्षभराने आठवण झाली का?” मामा म्हणाला. मग त्याने नाव सांगितलं. “सासरी जाताना म्हणाली, तू तरी मला याच नावाने हाक मार. तुमच्या दारात तशी हाक मारली, तर तुझे आजोबा माझ्यावर डोळे वटारायचे.”

पुढच्या आठवड्यात आईचं प्रथम पुण्यस्मरण. जाहिरातीचा मजकूर चुलतभावाने मला बघायला पाठवलेलाच होता. त्याचीही सुरुवात माझ्या बँकेपासून. मी तो सगळा पुसला. तिची दोन्ही नावं लिहिली, माहेरचं आधी. खाली टेलिफोन ऑपरेटर. पणजीसाठी मला आता काहीच करता येणार नव्हतं, आणि त्याचा राग अजून तसाच होता.

“काकांना एकदा दाखवू का?” चुलतभावाने विचारलं.

“छापून आल्यावर दाखव.”