थर्माकोलचा तुरुंग

लंडनमधल्या हाउन्सलोच्या आमच्या मराठी मंडळाला दरवर्षी अध्यक्ष निवडायचा त्रास नव्हता, कारण माझे यजमान होते. एका कुटुंबाला एक मत, ते पुरुषाने द्यायचं. बायकांना ती दगदग नको म्हणून त्यांच्यावर फक्त महाप्रसादाचा सगळा स्वयंपाक सोपवलेला.

त्या वर्षी गणपतीत जिवंत देखावा ठरला: इंग्रजांनी तुरुंगात टाकलेला पुढारी आणि बाहेर पेटत चाललेली जनता. पुढारी कोण होणार, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. यजमानांनी दाढी वाढवली, थर्माकोलचे गज काळे रंगवले आणि पुढाऱ्याचं भाषण स्वतःच्या आवाजात सीडीवर घेतलं. "ज्यांच्यावर राज्य करता, त्यांना विचारा तरी," हे वाक्य तर घरी इतकं घोकलं की मला झोपेतही पाठ झालं. ताकीद एकच होती. देखाव्यात कोणी पापणीही हलवायची नाही.

जनता अर्थातच आम्ही बायका. पुऱ्या तळायच्या, हात पुसायचे आणि मुठी वळून उभं राहायचं. सकाळी मी पुन्हा बायकांच्या मताचा विषय काढला, तर म्हणाले, भाजीत मीठ जपून घाल. मग उरलेल्या पुऱ्या तळता तळता आमचं आपसात ठरलं.

हॉल भरला, सीडी लागली. यजमान गजांआड बेड्या घालून छान दुःखी बसले होते. ते वाक्य आलं आणि मी वळलेली मूठ उघडून हात वर केला. मागोमाग सगळ्या बायकांचे हात वर गेले.

"पुढारी विचारा म्हणतायत, म्हणून विचारते," मी लोकांना म्हटलं. "यंदापासून प्रत्येक बाईला मत. मान्य?"

सगळा हॉल हो म्हणाला. पुढारी लालबुंद झाले, पण हलायची सोय नव्हती. शेवटी राहवेना, तेव्हा बेड्यांसकट उठले आणि आम्हाला थांबवायला गज मोडून बाहेर आले. लोकांना वाटलं, पुढारी सुटला. टाळ्यांच्या कडकडाटात त्यांचा विरोध कोणाला ऐकूच गेला नाही. सीडी आपली स्वातंत्र्य मागतच होती.

पुढच्या रविवारी चिठ्ठ्या टाकून निवडणूक झाली. यजमान एका मताने पडले.

गाडीत बसल्यावर त्यांनी सीटबेल्ट लावला. मग हळूच म्हणाले, "तू मलाच दिलंस ना?"

"अहो, मत गुप्त असतं."

मला त्यांचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त बरं वाटलं. इतक्या वर्षांत मी काय ठरवलं, हे त्यांना पहिल्यांदाच मला विचारावं लागलं होतं.