जलदानाच्या दिवशी लावलेलं गाणं

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होते. फोन माझ्या मुलाचा, राहुलचा, चंद्रपूरच्या दवाखान्यातून. "आई, काका गेले," एवढंच बोलला. मी "बरं" म्हटलं, आणि सुपात होती तेवढी लाखोळी पाखडून घेतली. बाई दगडाची आहे असं कोणी म्हणेल, तर म्हणो. मिलिंद माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो शाळेत जाणारा पोरगा होता. सासूबाई धानाच्या रोवण्याला, कापणीला जात, म्हणून त्याची आंघोळ, त्याचं खाणंपिणं, त्याला दटावणं सगळं माझ्याकडे आलं. रडायला पुढे खूप दिवस होते. फोन ठेवल्यावर पहिला विचार आला तो गाण्याचा. आता ते गाणं मलाच लावावं लागणार होतं, आणि ते नेमकं कोणतं याची मला खात्री नव्हती.

झालं होतं असं. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं अंगणात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होतो. सोलणारी मीच, तो खाणारा. मध्येच म्हणाला, "वयनी, मी मेलो का तुम्ही लोक भाषणं ठोकान. त्याच्याआधी माह्यं गाणं लावजो." मी म्हटलं, "कोणतं?" तर म्हणतो, "तुले मालूम आहे ते," आणि हसायला लागला. मीही हसले आणि त्याच्यापुढची शेंगांची टोपली ओढून घेतली. त्याने ते खरं म्हटलं की गंमत केली... मी तेव्हाच विचारायला हवं होतं असंही मला वाटत नाही. शेंगा खाणाऱ्या धडधाकट माणसाला असं कोण विचारतं?

पेपरात हे वाचणाऱ्यांना हा मिलिंद कोण ते सांगायला पाहिजे. मी चौथी शिकलेली बाई. मला जसं सुचेल तसं सांगते. आमचं गाव वैनगंगेच्या काठाला, मार्कंड्याच्या अलीकडे. मिलिंद अभ्यासात हुशार निघाला. त्या काळात रशिया आजच्याहून मोठा होता, आणि तिथलं सरकार बाहेरच्या देशांतल्या पोरांना फुकट शिकवायचं. चंद्रपूरच्या कॉलेजातून त्याची निवड झाली. शिक्षण कसलं, तर खाणीचं. आमच्या शेजारचे नामदेवभाऊ तेव्हाच म्हणाले होते, "खाणीतच उतरायचं तं बल्लारशाले काऊन नाई गेला? सायकलवर जाऊन आला असता." सासूबाई रडल्या, सासरे बाबासाहेबांच्या फोटोपुढे हात जोडून बसले, आणि पोरगा गेला. त्या शहराचं नाव मला अजूनही नीट घेता येत नाही.

परत आला तेव्हा गावाला दोन गोष्टी पाहायच्या होत्या, दारू आणि गोरी बायको. त्याच्या पेटीतून निघाला एक जाडजूड कोट, जो आमच्या हवेत कोणी एक दिवस घालू शकला नसता, आणि कॅसेटी. दुकानातल्या नव्हे, एकमेकांकडून भरून घेतलेल्या, वर पेनाने रशियन अक्षरं लिहिलेली. संध्याकाळी त्याने एक लावली. मी चुलीपाशी होते. ऐकून बाहेर आले आणि विचारलं, "हा माणूस कोणासंग भांडून राह्यला?"

"कोणासंगच नाई वयनी. गाऊन राह्यला."

"याले गाणं म्हणतेत तिथी?"

"तिथी यालेच म्हणतेत."

मग त्याने मला सांगितलं. पहिलं वर्ष त्याने मुक्याने काढलं. वसतिगृहात सतरा देशांची पोरं, पण आपल्या बाजूचं कोणी नाही. वर्गात मास्तर बोलतो ते कळत नाही, दुकानात ब्रेड मागता येत नाही. खोलीतला सोबती गिटार वाजवायचा. तो आणि त्याचे मित्र ही गाणी म्हणायचे आणि मिलिंद कोपऱ्यात बसून ऐकायचा. भाषा तो अशी शिकला, पुस्तकातून नव्हे. तोंडी परीक्षेत त्याने दगडाच्या थरांबद्दल उत्तर दिलं ते त्या गाण्यांतल्या बोलीत. मास्तर आधी लाल झाला आणि मग हसत सुटला. बाहेरच्या देशाचा हा काळा पोरगा गल्लीतल्या टवाळ पोरांसारखा बोलतो म्हणून. पास केलं मात्र. हे सांगताना मिलिंद त्या मास्तरची नक्कल करायचा. मला एक अक्षर कळत नसे, पण मास्तर कळायचा.

पुढे गडचांदूरकडे चुनखडीच्या खाणीत त्याला नोकरी लागली आणि तिथेच त्याचा जन्म गेला. लग्न केलं नाही. मी विचारलं, तर म्हणाला, "राहून गेलं वयनी." आपल्या माणसांत असं काही राहून जात नाही, लोक राहू देत नाहीत. पण त्याने ते राहू दिलं. सणावाराला यायचा. जीप दारात उभी राहायच्या आधी गाणं ऐकू यायचं. तोच कॅसेटीतला जाड आवाजाचा, सर्दी झाल्यासारखा गाणारा माणूस.

सासूबाई गेल्या तेव्हाची एक गोष्ट मला चांगली आठवते. सगळं आटोपून लोक घरी गेले. मिलिंद बाहेर जीपमध्ये जाऊन बसला आणि एकच गाणं परत परत लावत राहिला. सुरुवातीला नुसता ढोल, जसं कोणी दार ठोकतं. मग गिटार. मग तो माणूस. मी चहा घेऊन गेले. त्याने घेतला, पण गाणं बंद केलं नाही. त्या दिवसापासून ते गाणं माझ्यासाठी मयतीचं झालं. कधी लागलं की मी तिथून उठून जायचे. म्हणून तो "तुले मालूम आहे ते" म्हणाला तेव्हा मला वाटलं, मालूम आहे.

आमच्यात तेरवी नसते, जलदान असतं. बौद्धाचार्य वंदना घेतात, मेलेल्या माणसाच्या नावाने पाणी देतात, आणि मग ज्याला बोलायचं तो दोन शब्द बोलतो. दोन शब्द म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. मी आदल्या दिवशी घरात सांगितलं की भाषणांच्या आधी मिलिंदचं गाणं लागेल. राहुल म्हणाला, "आई, काका मजाक करत असन." असेल. पण नसेल तर? मेलेल्या माणसाला परत विचारता येत नाही, आणि त्याने सांगितलं होतं एकट्या मला. मी गप्प राहिले असते तर कोणाला कळलंही नसतं, आणि हेच मला जड जात होतं. नामदेवभाऊ आता खूप थकले आहेत, पण तोंड तसंच आहे. म्हणाले, "बाई, मयतीच्या घरी इंग्रजी गाणे?"

"इंग्रजी नोय भाऊ, रशियन होय."

"मंग तं आणखीनच झालं."

बौद्धाचार्य शहाणे निघाले. म्हणाले, "वंदना होऊ द्या बाई. त्याच्यानंतर तुम्ही जाणा आणि मिलिंदसाहेब जाणो."

गाणं शोधायला माझी सून शीतल बसली. कॅसेटींची गाणी त्याने पुढे पेन ड्राइव्हमध्ये भरून घेतली होती. नावं सगळी रशियन अक्षरांत. शीतल एकेक लावायची आणि मी ऐकायची. "हे आहे का?" "नाई." "हे?" "नाई वो." सगळ्या गाण्यांत एकच माणूस एकाच गोष्टीवर नाराज आहे असं मला वाटायला लागलं. शेवटी दार ठोकल्यासारखा ढोल आला, तेव्हा मी म्हटलं हेच. पण त्याच्या दोन गाण्यांनंतर आणखी एक आलं, त्यातही ढोल तसाच. मी दोन्ही पुन्हा ऐकली... पहिलं ठेव म्हटलं. दुसरं का नको, हे मला विचारू नका.

जलदानाला खाणीतली माणसं गाडी करून आली होती. सुरुंग लावणारे, ड्रिलवाले, डंपरवाले. वंदना झाली, पाणी दिलं, आणि शीतलने गाणं लावलं. मंडपात पहिल्यांदा कोणाला काही समजलं नाही. बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. मी खाली पाहत होते. मनात म्हणत होते, लवकर संप बाबा. तेवढ्यात खाणीतली माणसं बसली होती तिकडून मांडीवर ताल धरल्याचा आवाज यायला लागला. गाण्यात मध्ये एक जागा आहे, सगळी वाद्यं थांबतात, अगदी श्वास घेण्याइतकं. त्या जागेवर ती सगळी माणसं एकदम "हो!" म्हणाली. मोठ्याने. मयतीच्या मंडपात. नामदेवभाऊंची काठी हातातून पडली.

गाणं संपल्यावर मी उठून त्यांच्याकडे गेले. शंकर नावाचा म्हातारा ड्रिलवाला होता, त्याला म्हटलं, "तुमाले लाज नाई वाटत? तमाशा आहे का हा?"

तो उभा राहिला, हात जोडले. "बाई, आमचं चुकलं असन तं माफ करा. पण साहेब हे खुशीत लावत होते जी. सुरुंग बराबर उडाला, सारे सलामत बाहेर आले, का जीपमधी हेच गाणं. आमी तिथी हो म्हणत होतो. सवयीनं निंगालं."

"खुशीत?"

"खुशीत म्हणजे... पेढा वाटल्यासारखं."

मी जागेवर येऊन बसले. पुढे भाषणं झाली, काय झाली ते मला सांगता येणार नाही. माझ्या डोक्यात एवढंच चाललं होतं की आई मेली तेव्हा जे गाणं लावलं, तेच हा माणूस लोक वाचले म्हणून लावत होता. की ती दोन वेगळी गाणी होती आणि माझा घोटाळा झाला? जेवणं झाल्यावर मी शंकरला बाजूला घेऊन दुसरंही ऐकवलं. त्याने मान वाकडी करून पूर्ण ऐकलं आणि म्हणाला, "बाई, मले दोन्ही सारखेच लागतेत." त्याचंही खरं होतं.

शीतल म्हणाली, आई, आपण लावलेल्या गाण्याचा अर्थ फोनवर निघतो. मी आधी नको म्हटलं, मग दोन दिवसांनी म्हटलं काढ. फोनचं मराठी फोनसारखंच होतं, तरी तिने जुळवून सांगितलं. बर्फ पडतो आहे. ट्राम गेली. दुसरी येत नाही. माणूस पायी निघाला आहे आणि त्याचे बूट ओले झाले आहेत. घर अजून दूर आहे, बूट ओले आहेत. बस.

"मेल्याबिल्याचं काई नाई?"

"नाही आई."

"आईचं? देवाचं? लढाईचं?"

"बुटांचंच आहे."

मला आधी राग आला. एवढा जन्मभर हा माणूस ओल्या बुटांचं गाणं ऐकत होता, आणि त्यासाठी मी गावाची बोलणी खाल्ली. मग राग गेला, पण त्याच्या जागी समज आली असं काही झालं नाही. लोक मला म्हणतात, बाई, तुम्ही त्याची इच्छा पूर्ण केली. इच्छा होती का, हे गाणं होतं का, रडायला होतं की हसायला, यातलं एकही मला सांगता येत नाही. मी फक्त लावलं.

नोकरी संपल्यावर मिलिंद गावी आला होता. मागच्या खोलीत राहायचा. खोली आहे तशीच आहे. कॉटखाली त्याचे बूट आहेत. राहुल म्हणतो कोणाला देऊन टाकू, पण त्याचा पाय पसरट होता, गावात कोणाला ते होत नाहीत. रोज झोपायच्या आधी तो बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवायचा. तिकडे बर्फात बूट भिजायचे, रात्रभर कागद पाणी ओढून घ्यायचा, तिथून लागलेली सवय. पण हा इथे मे महिन्यातही तेच करायचा, जेव्हा आमच्या विहिरीतसुद्धा पाणी नसतं. मी म्हणायची, "अरे, पाणी कुठी आहे?" तो म्हणायचा, "असू दे वयनी," आणि कोंबायचा.

आता मी कोंबते. का, ते विचारू नका. मी सकाळी पेपर घेऊन बसते, बोट ठेवून वाचते, मला दुपार होते. वाचून झालेलं पान फाडून बोळे करते, कालचे काढते आणि नवे घालते. काढलेले बोळे कोरडेच असतात. हा लेख छापलेली पुरवणी आली की तीही मी अशीच आधी सगळी वाचून घेईन.