शेवटची रिंग कुणाकडे

लिफ्ट दुरुस्तीच्या त्या कंपनीत फोन घेणाऱ्या बाईंना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. साहेब आले, साहेब गेले, बाई मात्र कानाला हेडफोन लावून बसलेल्याच. बंद पडलेल्या लिफ्टमधून कुणी रडवेल्या आवाजात बोलू लागलं की बाई त्याला गप्पांत गुंतवत आणि दुसऱ्या फोनवरून मेकॅनिकला पिटाळत. याचा त्यांना गर्व होता आणि तो त्या लपवतही नसत. "माझ्या राज्यात एकही फोन वाजून वाजून गप्प झालेला नाही," हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवल्याशिवाय त्यांचा चहा गोड होत नसे.

निवृत्ती तोंडावर आली आणि ऑफिसात नवी फोन यंत्रणा बसली. कुठल्या वेळी कुणाचा फोन वाजेल, त्याने नाही उचलला तर पुढे कुणाचा, हे सगळं कॉम्प्युटरवर आधीच भरून ठेवायचं. साहेब बाहेरचा माणूस बोलावणार होते.

"माझ्या घराला कुलूप परक्याने का लावायचं?" म्हणत बाई स्वतःच बसल्या. दिवसा रिसेप्शन, जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉप, ऑफिस बंद झालं की ड्यूटीवरच्या मेकॅनिकचा मोबाइल. सुट्टीच्या दिवसांची सोय वेगळी. काम इतकं चोख झालं की साहेबांनी चार जणांना बोलावून दाखवलं.

एवढं करून बाईंनी एक आगाऊपणा केलाच. कुणीच नाही उचलला तर शेवटी वाजावा म्हणून प्रत्येक वेळेखाली आपल्या घरचा नंबर घातला. संध्याकाळच्या ड्यूटीवर जो मेकॅनिक असे, त्याला अख्खं ऑफिस कुंभकर्ण म्हणायचं. त्याच्या भरवशावर अडकलेल्या माणसांना सोडायचं कसं?

झालं! ताटावर बसावं आणि फोन वाजावा. बाईंचे यजमान शिंपी, दुकान घरातच. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता त्यांनी लिफ्टवाल्यांचे निरोप घेतले, आणि एक दिवस त्यांचा बांध फुटला.

"अगं, निवृत्त कोण होतंय, तू की मी?"

"अहो, तो कुंभकर्ण उचलत नाही!"

"कशाला उचलेल? तू उचलतेस हे त्याला ठाऊक आहे. उद्या आपण दोघं गावाला गेलो, तर आत अडकलेल्याने कुणाच्या नावाने बोंब मारायची?"

बाईंना राग आला. आपण इतकी वर्षं कमावलेलं आपणच बुडवायला निघालोय, हे त्यांना कळलं आणि झोंबलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरचा नंबर सगळीकडून काढला. शेवटची रिंग कुंभकर्णाकडे लावली आणि त्याला समोर बसवलं.

"बाई, मला पान्हा द्या, बोलायला नका लावू," तो हात जोडून म्हणाला.

"पान्हा पोचेपर्यंत आतल्याला धीर कोण देणार? तुझा काका? आधी विचारायचं, आत किती जण आहेत. मग सांगायचं, दार ओढू नका. नाव, पत्ता नंतर." निरोपाच्या दिवसापर्यंत त्या त्याच्या मानगुटीवरच बसल्या.

निरोप झाला. हारतुरे घेऊन बाई घरी आल्या, जेवायला बसल्या. फोन गप्प. त्या शांततेचा त्यांना धसकाच बसला. त्यांनी यजमानांचा मोबाइल ओढून घेतला आणि ऑफिसचा नंबर लावला.

रिंग वाजत राहिली. बाईंचा जीव टांगणीला लागला. मग खटकन आवाज आला.

"बोला. आत किती जण आहेत? घाबरू नका, दार ओढू नका, मी फोनवरच आहे. हॅलो? बोला ना, मी ऐकतोय."

कसंबसं "चुकून लागला हो" म्हणून त्यांनी फोन ठेवला. अभिमानाने ऊर भरून आला होता आणि डोळे वाहत होते.

यजमान घाबरले. "काय झालं? उचलला नाही का कुणी?"

"उचलला की," बाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "माझ्या माणसाने उचलला."