साडूंनी चिक्की नाकारली

न्यूझीलंडमध्ये फुकट मिळणारी प्रत्येक वस्तू नाकारणारा एकच माणूस आहे आणि तो नेमका माझा साडू आहे. सुपरमार्केटमध्ये एखादी बाई चीजचे तुकडे टूथपिकला टोचून पुढे करते, तेव्हा बाकीचं जग एक तोंडात टाकून दुसरा उचलतं. आमचे साडू हात मागे बांधून, आपला नाश्ता आत्ताच झाला असून त्यात काय काय होतं, हे तिला सविस्तर सांगतात. दंतवैद्याने दिलेला टूथब्रश ते काउंटरवर ठेवून येतात. टाकानिनीतल्या नव्या घराचा ताबा मिळाला तेव्हा बिल्डरने भेटवस्तूंची एक टोपली पाठवली होती. ती त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः नेऊन परत दिली. त्या बिचाऱ्याला वाटलं, घरात काहीतरी दोष निघाला. त्याने प्लंबर पाठवून सगळे नळ तपासून घेतले.

पाण्याच्या पाइपलाइनी आखणं हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा, पण खरा जीव मैदानावर. मुलगी रेवा थाळीफेक करायला लागली आणि हे तिला सोडायला म्हणून गेले ते क्लबचे पंच होऊनच परतले. दर शनिवारी पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी, हातात मोजपट्टी. क्लबने स्वयंसेवकांना टी-शर्ट दिले, त्यावर कुठल्याशा गाड्यांच्या दुकानाचं नाव होतं. नियम म्हणून साडूंनी तो घातला, पण उलटा करून. "मेट, तुझा शर्ट उलटा आहे," असं लोक सांगत आणि हे दर वेळी तितक्याच आनंदाने "आय नो" म्हणत. दोन वर्षांनी लोकांनी सांगायचं सोडलं. एका स्पर्धेत रेवाने जन्मात टाकली नव्हती एवढ्या लांब थाळी टाकली. सगळे टाळ्या वाजवायला लागले आणि वर्तुळापाशी उभ्या असलेल्या या गृहस्थांनी फेक बाद ठरवणारा लाल झेंडा वर केला. तिच्या बुटाचं टोक कडेला लागलं होतं. दुसऱ्या कोणालाही ते दिसलं नव्हतं. माझी मेव्हणी, म्हणजे रेवाची आई, घरी येताना गाडीत पुढे न बसता मागे रेवाशेजारी बसली. जेवताना रेवानेच भात वाढून घेत म्हटलं, "गुड कॉल, बाबा." त्या तीन शब्दांवर साडू महिनाभर फुलून फिरत होते.

अशा माणसाला अमेरिकेतल्या बातम्या वाचायला देऊ नयेत. तिकडे कॉलेजात शिकणाऱ्या खेळाडूंना जाहिराती करून पैसे कमवायला मोकळीक मिळाली, हे कळल्यापासून त्यांची झोप उडाली होती. बॉटनी डाउन्सला आमच्याकडे बार्बेक्यूला आले की पनीरचे तुकडे उलटता उलटता ते त्या देशाच्या भवितव्याची काळजी करत. विद्यार्थ्याने शिकावं, खेळाडूने खेळावं, आणि ज्याला चेहरा विकायचा असेल त्याने सिनेमात जावं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणायचो, अहो, कॉलेज त्यांच्या जिवावर तिकिटं विकतं, प्रशिक्षक गब्बर होतो, मग पोरांनीच काय घोडं मारलंय? यावर ते इतक्या दुःखाने माझ्याकडे बघत, की मी पुढचं पनीर मुकाट्याने खाई. हळूहळू मी वाद सोडला, आणि मग तर चक्क मान डोलवायला लागलो. नातेवाइकांत शांतता राखायची तर मान स्वस्त पडते.

मात्र रेवा युनिव्हर्सिटीत गेली तेव्हा तिचा सराव, जिम, ख्राइस्टचर्चपर्यंतचे दौरे हे सगळं अंगावर आलं. घराचा हप्ताही त्याच सुमारास वाढला होता. रेवाने सुपरमार्केटमध्ये काम धरलं, पहाटे फळ्यांवर माल लावायचं. याला साडूंची काहीच हरकत नव्हती, उलट अभिमान होता. कष्टाचे पैसे ते कष्टाचे पैसे. पहाटे खोकी, मग लेक्चर, मग मैदान. एका रविवारी आमच्याकडे ती पोळीचा तुकडा हातात धरून बसल्या बसल्या झोपली. सगळे हसलो. मीही हसलो, ते आता आठवलं की बरं वाटत नाही.

त्या दिवाळीत मी साडूंकडे फराळाला होतो, तिथे आणखी एक गृहस्थ आले. मूळचे नाशिकचे, इथे तीस वर्षं झालेली, चिक्कीचा छोटा कारखाना. शेंगदाण्याची चिक्की खेळाडूंचा खाऊ म्हणून सुपरमार्केटात न्यायची त्यांची धडपड चालली होती. सोबत पाकिटं आणली होती. त्यांनी सरळ विषय काढला. पाकिटावर रेवाचा फोटो हवा. त्याबद्दल पदवी मिळेपर्यंत दरमहा पैसे, शिवाय स्पर्धांचा प्रवासखर्च. म्हणजे पहाटेचं काम सुटलं असतं. मेव्हणीने नवऱ्याकडे पाहिलं. साडू हसले आणि म्हणाले, "छे हो, कशाला उगीच. शिकतेय ती अजून."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बाहेरच्यांपुढे साडूंचा नकार म्हणजे नकार. आपल्या माणसांत मात्र तो नुसती सुरुवात असते. आमच्याकडे ते दुसरी पुरणपोळी दोनदा नाकारतात आणि तिसऱ्यांदा ताट पुढे करतात. हे मला वीस वर्षं माहीत आहे. पण त्या गृहस्थांनी तीस वर्षं या देशात धंदा केला होता, इथे नको म्हणजे नकोच. त्यांनी मान हलवली, "नो वरीज, समजू शकतो," म्हणाले, चकली संपवली आणि उठले. साडूंनी त्यांना दारापर्यंत सोडलं. गाडी सुरू होऊन वळेपर्यंत ते दारात उभे होते. परत आल्यावर म्हणाले, "बरोबर केलं ना?" मी तोंडात चिक्की धरून मान डोलवली. मेव्हणी भांडी आवरायला लागली.

एप्रिलमध्ये रेवाने थाळीफेक सोडली. भांडण नाही, रडारड नाही. तिन्ही गोष्टी दिवसात मावत नव्हत्या आणि तिने त्यातली खर्चाची काढून टाकली, एवढंच. पुढच्या वर्षी चिक्की खरोखरच सुपरमार्केटात आली. खोकी फोडून फळीवर लावायला रेवाच होती. पाकिटावर तिच्याच क्लबातल्या, तिच्याहून बऱ्याच कमी अंतरावर थाळी टाकणाऱ्या मुलीचा फोटो होता. त्या मुलीनेच तिला निरागसपणे सांगितलं की चिक्कीवाल्यांनी आधी तुमच्याकडे विचारलं होतं, तुम्ही नाही म्हणालात. रेवा त्या दिवशी घरी आली तेव्हा मी तिथेच होतो. आवाज न चढवता ती म्हणाली, "बाबा, यू डिडंट आस्क मी. आय वॉज अपस्टेअर्स."

तत्त्वावर तास तास बोलणारा माणूस, समोर ठेवलेला चहा निवेपर्यंत ढवळत बसला.

रेवाचं नीट चाललंय. पदवी होईल, नोकरी लागेल, बापाशी ती पूर्वीसारखीच बोलते. मैदानावर मात्र येत नाही. साडू अजून दर शनिवारी जातात आणि दुसऱ्यांच्या मुलींच्या थाळ्या मोजतात. मध्यंतरी मी सोबत म्हणून गेलो होतो. खेळ संपल्यावर आम्ही दोघं गवतावर बसलो. मी सहज, त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं, जाऊ द्या, तुम्ही तुमच्या तत्त्वाला धरून वागलात. ते मोजपट्टी गुंडाळत होते. वर न बघता म्हणाले, "तत्त्व कसलं हो. तो परत विचारेल असं वाटलं होतं मला. दुसऱ्यांदा म्हणाला असता तर मी हो म्हणणार होतो."

दिवाळीच्या त्या दिवशी खोलीत परत विचारू शकणारा आणखी एक माणूस बसला होता. "अहो, घ्या हो, पोरीची पहाट तरी सुटेल," एवढंच मी म्हणायचं होतं. साडूंचा नकार मला वाचता येत होता आणि मी चिक्की खात होतो.

"रेवाला सांगितलंत हे?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "तिला वाटतं, बापाचं तत्त्व होतं. रागावते, पण मान देते. तेवढं तरी राहू दे."

मी शब्द दिला आणि आजवर पाळला. तिच्या आईलासुद्धा सांगितलं नाही, ती मराठी मासिकं वाचत नाही म्हणून बरं. रेवाला मराठी सगळं कळतं, पण वाचता येत नाही. तिला वाचता येत असतं तर हे मी लिहिलं नसतं, आणि तिला वाचता यावं असं कधी नव्हे ते हल्ली फार वाटतं.