विश्वाची अर्धी बातमी

शनिवार, संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटं. हिंगणघाटच्या कॉलेजचा हॉल. वीज गेलेली, पंखे थांबलेले, व्याख्यान सुरू, वार्ताहर म्हणून मी मागच्या बाकावर.

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी, कारण पुढे मीच माझी अब्रू काढणार आहे. ज्या माणसानं जन्मभर पुढाऱ्यांना ‘पुरावा दाखवा’ म्हणून भंडावलं, त्यानं अख्ख्या विश्वाची बातमी चुकीची दिली! नगरपालिकेची नव्हे हो, विश्वाची!

सत्तरीच्या दशकाचे शेवटचे दिवस. नागपूरच्या आमच्या पेपराला बातमी पाठवायची म्हणजे कागद पाकिटात घालून एस.टी.च्या कंडक्टरकडे द्यायचे. नागपूर स्टँडवर पेपराचा शिपाई ते उचलायचा. बस पाच चाळीसची. जगात काहीही घडो, पाच चाळीसच्या आत घडलं तरच उद्या छापणार! म्हणून आम्हा वार्ताहरांची एक रीत होती. कार्यक्रम अर्धा ऐकायचा, उरलेला अनुभवावर लिहायचा. आणि पुढाऱ्याच्या भाषणाचा उत्तरार्ध ऐकून कोणाचं भलं झालंय, सांगा!

पण वैरागडे सर पुढारी नव्हते. फिजिक्सचे तरुण प्राध्यापक, नोकरी तात्पुरती. विषय होता, विश्वाच्या जन्माबद्दल माणसाला काय काय वाटत गेलं. जुनी समजूत सांगायची तर त्या काळचा माणूस होऊन सांगायची, ही सरांची तऱ्हा. टेबलावर मूठ आपटून ते गरजले, “विश्वाला आरंभ नाही! आकाशगंगा एकमेकींपासून दूर पळतात, कबूल. पण मधल्या रिकाम्या जागेत नवं द्रव्य तयार होत राहतं. विश्व कालही असंच होतं, उद्याही असंच राहील!”

टाळ्या! मी घड्याळ पाहिलं. पाच पंचवीस. सायकलवर टांग टाकली.

रविवारी मथळा झळकला, ‘विश्वाला आरंभच नाही! प्रा. वैरागडे यांचे ठाम प्रतिपादन’. शेवटी ‘श्रोते मंत्रमुग्ध झाले’. ते अनुभवावर.

सकाळी स्टँडसमोर गुलाबभाऊच्या टपरीवर चहा पीत होतो, तर सर पेपर घेऊन हजर.

“भाऊ, हे काऊन लिहिलं?”

“तुम्ही बोललात, मी लिहिलं! माझ्या कानांवर शंका?”

“अहो, ती जुनी समजूत होती. तुमी गेल्यावर मी तीच खोडून काढली!”

“मग खरी आधी सांगायची ना! आम्हाला बस असते!”

गुलाबभाऊ चहा गाळता गाळता म्हणाला, “सर, तुमी विश्व पाच चाळीसच्या आत आटपाले पाह्यजे होतं.”

टपरी हसली. सर हसले नाहीत.

“उद्या माझी मुलाखत आहे, भाऊ. कायम करायची. नागपूरचे तज्ज्ञ येऊन राह्यले. ते हाच पेपर वाचतात. फिजिक्सचा मास्तर बाद झालेला सिद्धांत ठणकावून सांगते म्हटल्यावर मले कोण ठेवणार?”

माझा आवाज खाली आला. “दुरुस्ती छापून आणतो. शब्द!”

त्याच संध्याकाळी पाकीट धाडलं. सोमवारी पेपर उघडला. चारही कोपरे धुंडाळले. दुरुस्ती नाही!

डोकं फिरलं. दुपारी साडेचारला थेट मुलाखतीच्या खोलीत घुसलो. “चूक माझी आहे! यांचा काडीचा दोष नाही!”

संस्थेचे अध्यक्ष दचकले. “यायले आत कोनं सोडलं बावा?”

तज्ज्ञांच्या समोर माझी बातमी, खाली लाल रेघा. चष्म्यावरून पाहत त्यांनी विचारलं, “उत्तरार्धात सर काय म्हणाले?”

मी खिशातली वही चाळू लागलो.

“ऐकलं नाही?”

“बस होती.”

“मग चूक झाली हे कशावरून?”

“सरांनीच सांगितलं.”

“पुरावा?”

माझाच शब्द! आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्या अंगावर आला होता.

तेवढ्यात सर म्हणाले, “बसा भाऊ. उरलेलं ऐका.”

आणि त्यांनी सांगितलं. अमेरिकेत दोन संशोधकांच्या भल्यामोठ्या अँटेनात सारखी खरखर यायची. कुठंही वळवा, तीच. त्यांना वाटलं यंत्र बिघडलं. आत कबुतरांनी घाण केली होती, ती खरवडून काढली. खरखर कायम! शेवटी कळलं, विश्व कधीकाळी अतिशय दाट आणि तापलेलं होतं, ही खरखर म्हणजे त्याचीच उरलेली ऊब. विस्तव विझला तरी चूल कोमट राहते ना, तशी. विश्व कायम असंच असतं, तर ही ऊब आली कुठून?

“म्हणून आज आपण आरंभ होता असं म्हणतो,” सर म्हणाले. “उद्या पुरावा बदलला तर हेही बदलू. शास्त्राले आपली चूक छापायची लाज वाटत नाही.”

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तेच जास्त लागलं.

तज्ज्ञांचा चहा गार झाला होता. मी घड्याळ पाहिलं, पाच वीस. सवयीनं उठलोच! अध्यक्ष ओरडले, “बसा! आज विश्व पुरं झाल्याशिवाय कोनी उठनार नाई!”

बसलो. आता बसलोच आहे तर विचारलं, “सर, आरंभाच्या आधी काय होतं?”

“माहीत नाही.”

नोकरी पणाला लागलेली, समोर तज्ज्ञ बसलेले, आणि माणूस सरळ ‘माहीत नाही’ म्हणतो! तज्ज्ञ पहिल्यांदा हसले. सर कायम झाले.

आता सर निवृत्त आहेत. गुलाबभाऊची टपरी जाऊन तिथं मोबाईलचं दुकान आलंय. आम्ही दोघे अजून भेटतो, चहा दुसरीकडे पितो, तो त्या चवीचा लागत नाही. त्या दोघा संशोधकांनी घाण खरवडून, पुन्हापुन्हा तपासून मग तोंड उघडलं. मला पंधरा मिनिटं दम निघाला नाही!

दुरुस्ती मी आणखी दोनदा धाडली. कंडक्टर म्हणे शिपायाला दिली, शिपाई म्हणे संपादकांच्या टेबलावर ठेवली, संपादक म्हणाले आलीच नाही. तिन्ही पाकिटं कुठं गेली, ते आजवर कोणी सांगितलेलं नाही. त्या पेपराच्या लेखी विश्वाला अजूनही आरंभ नाही.