दुधावर वाढलेली भाटी

माझं शिलाईचं काम कुठे जरा बसत होतं, आणि नेमकं तेव्हाच उंदरांनी गिऱ्हाइकांचं कापड कुरतडायला सुरुवात केली. नव्वदीतली गोष्ट. आम्ही वारूळवाडीत ओढ्याकाठी राहत होतो. मशीन पुढच्या खोलीत, आणि शिवायला आलेलं कापड एका लाकडी कपाटात, ज्याचं दार कधी म्हणून नीट लागलं नाही. एका बाईच्या हिरव्या खणाला मधोमध भोक पडलं. तिनं गावभर बभ्रा केला. आमच्या मालकांनी एका वाक्यात निकाल लावला, "आणखी एकदा असं झालं ना, तर मशीनच विकून टाकू. फुकटची कटकट." फुकटची! पोरांच्या वह्या-दप्तरं त्याच मशीनवर येत होती, ते नाही दिसलं.

धाकटा रांगता होता, त्यामुळे घरात विषारी औषध ठेवायची सोय नव्हती. मग मांजर आणायचं ठरलं, आणि सगळं घर पंडित झालं. सासूबाई म्हणाल्या, "भाटीच आण. बोका मेला गावभर उंडारतो, घरी फकस्त खायला येतो." शेजारीण म्हणाली, "पिल्लू मानगुटीला धरून उचलायचं. पाय पोटाशी घेतले तर शिकारी, लोंबत सोडले तर आळशी." मालक म्हणाले, काळं नको. एवढी चिकित्सा माझ्या लग्नात नवऱ्या मुलाची कुणी केली असती, तर बरं झालं असतं!

नारायणगावच्या पेठेत धान्याचं दुकान असलेल्या शेठच्या घरी मांजर व्यायलं होतं. माणसं जैन, मूळची राजस्थानकडची, पण तीन पिढ्या इथल्याच. शेठच्या बायकोला सगळी पेठ भाभी म्हणायची, मीही. मी गेले तेव्हा पोत्यावर चार पिल्लं लोळत होती. भाभींनी पहिलाच प्रश्न टाकला, "उंदीर मारायला नेत नाही ना? तसं असेल तर मी देणार नाही हं. आम्हाला पाप लागतं." ज्या घरात मुंगीसुद्धा उचलून बाहेर ठेवतात, त्या घरी मी उंदीर मारणारं जनावर मागायला गेले होते. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय! तोंड वर करून म्हटलं, "छे हो भाभी, पोरांना खेळायला."

आता त्यांच्यासमोर मानगूट धरून परीक्षा कशी घेणार? जी भाटी आपणहून मांडीवर येऊन बसली, ती उचलली. "अगदी गरीब आहे," भाभी कौतुकानं म्हणाल्या. मलाही तेव्हा बरंच वाटलं, नको तिथे!

गरीब कसली, महाराणी होती. भाकरी दिली की तोंड फिरवायची. चपातीच लागायची, तीही दुधात कुस्करून. निजायला माझं बेतून ठेवलेलं कापड. एकदा तिच्या नाकासमोरून उंदीर गेला, तर ही बया अंग आक्रसून बाजूला सरकली, त्याला वाट दिली! सासूबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगं बये, सून आणली का मांजर?" सहा महिन्यांत उंदीर कमी व्हायचे सोडून वाढले. कुठून येत होते कोण जाणे.

आणि ऐन लग्नसराईत व्हायचं तेच झालं. एका नवरीच्या पैठणीच्या ब्लाऊजची बाही कुरतडली. संध्याकाळी मालकांनी नुसतं सांगितलं, "डिंगोरे गावचा एक जण रविवारी मशीन बघायला येतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओढ्यावर धुणं धूत होते. भाटी शेजारच्या दगडावर ऊन खात बसलेली. तेवढ्यात शेठची स्कूटर आली. त्यांनी पायाशी ठेवलेला तारेचा पिंजरा उतरवला, हात जोडले आणि दार उघडलं. पाच-सहा गलेलठ्ठ उंदीर टुणकन बाहेर पडले आणि बांधावरून सरळ माझ्या घराकडे पळाले. आणि आमची भाटी? ती उठली, जुना मालक ओळखला, आणि त्यांच्या पायाला अंग घासायला लागली.

माझं डोकंच फिरलं. पिळा टाकून मी ओरडले, "शेठ! सहा महिने मी तुमच्या मांजराला दूध घालतेय, आणि तुमी रोज माझ्या घरात उंदीर सोडताय व्हय? माझी मशीन विकायला काढलीय घरच्यांनी!" मग रडूच आलं. रडता रडता सगळं सांगून बसले, मांजर कशासाठी नेलं होतं तेसुद्धा. शेठ बिचारे रिकामा पिंजरा धरून उभे. "झाडीमागं घर आहे, लक्षातच आलं नाही," एवढंच म्हणाले.

दुपारी भाभी स्वतः आल्या. रिक्षातून एक मोठी पत्र्याची पेटी उतरवली, घट्ट झाकणाची. त्यातच त्यांच्या नणंदेच्या लग्नाचे सात ब्लाऊज पीस. "हे तुमच्याकडेच शिवायचेत, आणि पिंजरा आता लांब डोंगराकडं नेतील," म्हणाल्या. मालक पेटीकडे बघत राहिले. संध्याकाळी डिंगोऱ्याला त्यांनी नको म्हणून निरोप धाडला.

मी खोटं बोलले होते त्याबद्दल भाभी अवाक्षर बोलल्या नाहीत. मी मापं घेतली, चहा दिला. निघताना त्यांनी भाटीला उचलून घेतलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हिला मी परत नेते. पिठाच्या गिरणीत एक मांजर व्यायलंय. त्याची पिल्लं... कामाची निघतात म्हणे. तिथून एक घ्या."

उंदीर हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही. त्यांनी चप्पल घातली आणि भाटीला पदराखाली घेऊन रिक्षात बसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.