पाठ करून घेतलेली उत्तरं

बाबांना पहिल्यांदा गुजरातेतल्या वापीच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा पालघर जिल्हा होऊन जेमतेम काही महिने झाले होते. डहाणूच्या घरात आम्ही दोघंच. आई मी लहान असतानाच गेली, मला ती आठवतही नाही. बाबांचं विसरणं वाढलं होतं. डॉक्टर काय काय विचारतात हे मला शेजारणीकडून आधीच कळलं होतं. मग काय, मास्तरांचंच घर आमचं! बाबांनी झरीच्या शाळेत जन्मभर पाढे घोकून घेतले, मी डहाणूत तेच करते. रोज सकाळी चहाबरोबर उजळणी सुरू झाली. वार, तारीख, ऋतू, जिल्हा.

"ठाणे."

"बाबा, आता पालघर."

"अगं, कालपर्यंत ठाणेच होता ना?"

"होता. डॉक्टरांना तसं सांगायचं नाही."

खरं तर मला लाज वाटत होती. ज्यांना सगळे गुरुजी म्हणतात, त्यांना चार साधे प्रश्न अडावेत हे मला सहन होत नव्हतं.

वापीला सगळी उत्तरं बरोबर आली. "सारू छे, गुरुजी, सगळं छान," डॉक्टर म्हणाले. "एमआरआयची आत्ता गरज नाही." पेढे वाटायचे तेवढे मी बाकी ठेवले. पुढच्या तपासण्यांसाठी उजळणी चालूच राहिली.

दीड वर्षाने एका दुपारी बाबा बाजारातून आले, आमच्याच दाराची कडी वाजवली आणि मला विचारलं, "गुरुजी आहेत का घरात?"

मग एमआरआय झाला. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावली आणि पेन टेकवून दाखवलं. नव्या आठवणी धरून ठेवणारा भाग दोन्ही बाजूंनी आक्रसला होता, भोवती काळी पोकळी होती.

"हे काही महिन्यांतलं नाही. आधीचा एखादा फोटो असता तर शेजारी ठेवून बघितलं असतं, किती झपाट्याने चाललंय ते. पण तेव्हा तर यांना सगळं येत होतं."

"येत नव्हतं," मी म्हणाले. "मी पाठ करून घेतलं होतं."

डॉक्टर रागावले नाहीत. बरं करणारं औषध तेव्हाही नव्हतंच, म्हणाले. "पण तुम्हाला कळलं असतं. जे विचारायचं ते विचारून घेतलं असतं."

बाबा शेजारी बसून फिल्मचा लिफाफा मांडीवर सरळ करत होते. दीड वर्ष ते रोज सकाळी माझ्यासमोर बसत होते. आई कशी बोलायची, कशावर हसायची, हे सांगू शकणारे ते एकटेच उरले होते. आणि मी रोज त्यांना विचारत राहिले, आज वार कोणता.